बोरसे मास्टरांचा चार टक्क्यांचा शब्द

इरा, परवा फोनवर तू विचारलंस, 'व्हेमेंट' या शब्दाला मराठीत काय म्हणतात? मी 'जोरदार' म्हणून मोकळी झाले. मागून कबीर ओरडला, "आजी, जोरदार तर पाऊस असतो!" फोन ठेवल्यावर मी शब्दकोश काढला. आवेशपूर्ण, तीव्र, उत्कट, हिरीरीचा. चारही शब्द एका कागदावर नीट लिहून काढले आणि एकही पटला नाही. हा शब्द मी ज्याच्या अंगावर पाहिला, तो माणूस या चारांत कुठेच मावत नाही. तेव्हा एका शब्दाचा अर्थ विचारल्याबद्दल तुम्हां दोघा नातवंडांना आता अख्खा माणूस वाचावा लागणार आहे. कबीर, तुला मराठी वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. आई वाचून दाखवेल.

त्यांचं नाव सुकलाल बोरसे. पांडेसऱ्याच्या ज्या मिलमध्ये मी सव्वीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला, तिथले ते डाइंग मास्टर. गिऱ्हाईक बोटभर कापडाचा नमुना पाठवतं आणि म्हणतं, अगदी हाच रंग हवा, दहा हजार मीटर. तो रंग कुठल्या कुठल्या रंगांतून आणि किती किती घालून येईल, हे मास्टरनं ठरवायचं. बोरसे मूळचे अमळनेरकडचे, राहायला डिंडोलीला, शिक्षण नववी. पण कुठलाही रंग एकदा पाहिला की त्यांच्या डोळ्यांत राहायचा. रंगांना नावंही त्यांचीच. गिऱ्हाइकाच्या कागदावर 'डस्टी रोझ' असेल, तर ते मशीनवाल्याला सांगत, "जुन्या पेरूच्या आतला लाव."

त्यांची नखं कधी नखांच्या रंगाची नसत. आज मशीनमध्ये कुठला लॉट आहे हे मला जिना चढून येणाऱ्या त्यांच्या हातांवरून कळे. लग्नाकार्यात बायका हसून विचारायच्या, "मास्टर, यंदा मेंदी निळी का?" खिशात नेहमी एक पांढरा रुमाल. त्याचं एक टोक पाण्यात भिजवायचं आणि कुठल्याही नव्या कापडावर घासून बघायचं, रंग उतरतो का. त्यांच्या धंद्यातली ही साधी परीक्षा, पण मास्टर ती मिलबाहेरही घेत. कोणाच्या नव्या साडीचा पदर असो, बँकेतल्या साहेबाचा टाय असो. पुतणीच्या लग्नात वरात मांडवात आली तेव्हा यांनी सर्वांसमोर नवरदेवाच्या लाल शेल्यावर रुमाल घासला. रुमाल गुलाबी झाला. मास्टर म्हणाले, "जावई पहिल्या धुण्यात उतरणार." वरपक्ष जेवायलाच बसेना. शेवटी मास्टरांनी नवरदेवाला आपल्या हातानं पक्क्या रंगाचा शेला आणून दिला, तेव्हा पंगत मांडली गेली. तो उतरता शेला मात्र त्यांनी वर्षभर ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता, पुरावा म्हणून.

आणि आवाज! डाइंगच्या मशिनांच्या घरघरीत तीस वर्षं काढलेला माणूस. पाणी मागायचं असलं तरी ओरडून मागे. गुपित सांगायचं असलं की तोंडासमोर हात धरी आणि मग ओरडे.

तर एकदा हे माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. एका व्यापाऱ्याची तक्रार आली होती की आमचा मोरपंखी रंग नमुन्याहून फिका आहे. मी उत्तराचा मसुदा वाचून दाखवला.

"ताई, हे 'वी रिग्रेट' काढा."

"का?"

"दिलगिरी कशाची? रंग माझा बरोबर आहे. त्याच्याच दुकानात उजेड नाही. एक चांगला इंग्रजी शब्द घाला. असा, की वाचणारा खुर्चीतून उठला पाहिजे."

मी म्हटलं, "'वी व्हेमेंटली डिनाय' असं लिहू शकतो. आम्ही अगदी जोरानं, कळकळून नाकारतो."

त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. मग विचारलं, "किती टक्क्यांचा आहे?"

इरा, कापडाच्या वजनाच्या मानानं किती टक्के रंग घातला यावर तो फिका की गडद ते ठरतं. अर्धा टक्का म्हणजे नुसती झाक. चार टक्के म्हणजे काळाकुट्ट, मिट्ट. मी म्हटलं, "चार."

"लावा," मास्टर म्हणाले.

पत्र गेलं. व्यापाऱ्यानं नमुना दुकानाबाहेर नेऊन पाहिला असावा, कारण त्यानं माल ठेवून घेतला. झालं! माझ्या हातून चूक झाली होती आणि ती मला पुढचे सहा महिने निस्तरावी लागली. मास्टरांनी तो शब्द घरी नेला. रसायनांच्या गोदामावर खडूनं पाटी आली, 'व्हेमेंट नो स्मोकिंग'. रजेचा अर्ज आला, 'आय हॅव व्हेमेंट फीवर'. अर्ज हातात घेऊन मी वर पाहिलं तर तापानं फणफणलेले मास्टर समोर उभे, हातात भजी. कँटीनच्या आचारी महाराजाला त्यांनी बजावलं की चहा व्हेमेंट हवा, आणि बिचारा महाराज मला विचारायला आला की बेन, ही पावडर कुठे मिळते? भाच्याच्या मुंजीला 'व्हेमेंट ब्लेसिंग्ज' गेले तेव्हा मात्र मी त्यांना बसवून घेतलं.

"मास्टर, चार टक्क्यांचा रंग तुम्ही रुमालाला, टोपीला, पायपुसण्याला, सगळ्याला लावाल का?"

रंगाची भाषा त्यांना लगेच कळली. "मग किती वापरायचा?"

"वर्षातून एकदा."

"दिवाळीला एक जास्तीचा?"

"नाही."

त्यांनी तो नियम पाळला, हे मला आजही नवल वाटतं. बहुतेक डिसेंबरांत ते जिना चढून यायचे. "ताई, यंदाचा शिल्लक आहे. वाया चाललाय. कोणाला लावू?" एका वर्षी तो मिलच्या क्रिकेट सामन्यातल्या पंचाला लागला. एका वर्षी वरणात बुडालेली डाळ शोधावी लागते म्हणून महाराजाला. आणि प्रत्येक वेळी लावण्याआधी ते मला अर्थ पुन्हा विचारून घेत, जणू वर्षभरात तो पुसट झाला असेल.

"आपले शेठ व्हेमेंट आहेत का?" त्यांनी एकदा विचारलं.

"शेठ मोठ्यानं बोलतात."

"मग मी?"

"तुम्ही त्यांच्याहून मोठ्यानं बोलता."

हे त्यांना लागलं. दोन दिवस ते माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. "मग व्हेमेंट म्हणजे असतं तरी कसं? दाखवा कोणी."

मला दाखवता येईना. मी म्हटलं, "बोलताना जो स्वतःसाठी काहीच मागे राखून ठेवत नाही, त्याचं बोलणं तसं असतं."

मास्टरांनी थोडा विचार केला. "हे तर मराठीतही समजलं नाही," म्हणाले आणि खाली गेले.

आमच्या लॅबमध्ये वंदना बिऱ्हाडे नावाची मुलगी होती. मुलगी म्हणते, पण तिशीची असेल. वडील उधन्याला रेल्वेत होते. ते गेल्यावर आई, आजी आणि शिकणारी बहीण अशा तिघींचं घर तिच्या पगारावर चालायचं. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली, बोलायला हळू आणि जागची न हलणारी. तिच्याकडे एक राखाडी खोकं होतं, लाइट बॉक्स. आत ठरावीक उजेडाचे दिवे. नमुना आणि रंगवलेलं कापड त्यात शेजारी ठेवून बघायचं. मास्टर त्याला 'वंदनाचा टीव्ही' म्हणत. त्यांचा विश्वास लॅबच्या उत्तरेकडच्या खिडकीवर होता. दोन्ही तुकडे त्या खिडकीत धरायचे, डोळे बारीक करायचे, आणि मान हलली की लॉट पास.

आमच्या मिलची पद्धत अशी होती की मान मास्टरनं हलवायची आणि वहीत सही लॅबनं करायची. मास्टरची सही कुठेच नसे. इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

एका बदामी लॉटच्या वेळी वंदना म्हणाली, "मास्टर, बसत नाही." रंग जुळला की आमच्याकडे 'बसला' म्हणत.

"खिडकीत बसतोय."

"बॉक्समध्ये नाही बसत."

"तुला तुझ्या टीव्हीत काय दिसतं, सिरीयल? सही कर."

तिनं सही केली. माल दक्षिणेत एका कंपनीला गेला, तिथल्या गणवेशांसाठी. तीन आठवड्यांत मेल आला. सगळा लॉट गुलाबी मारतो, परत घ्या. सोबत कुरियरनं कापडाचा तुकडा.

शेठनी वही मागवली. "सही कोनी छे?" त्यांनी गुजरातीत विचारलं. सही वंदनाची होती. शनिवारी हिशेब करून तिला मोकळं करायचं ठरलं. तो दिवस बुधवार होता.

मास्टर माझ्याकडे आले ते पेटलेले. वंदनाचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांच्या डोळ्याला कोणी गुलाबी म्हटलं होतं, एवढंच त्यांना दिसत होतं. "ताई, काढा तो शब्द."

"यंदाचा पहिल्याच महिन्यात महाराजावर गेला."

"पुढच्या वर्षीचा आगाऊ द्या!"

मी मजकूर टाइप केला. त्यात तो शब्द घातला. पण माझा एक नियम होता. रागाचं पत्र मी त्याच दिवशी कधी पाठवत नसे. छापून ट्रेमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचायचं. मास्टरांनी टेबलावर हात आपटला, माझी पेनं उडाली, मी ती गोळा करून पुन्हा ओळीत लावली आणि म्हटलं, "उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लॅबमध्ये शिरले. मी वहीसाठी तिथेच होते. "चल," ते वंदनाला म्हणाले. "तुझा टीव्ही नको, माझी खिडकी नको. उन्हात चल. देवाच्या दिव्याखाली बघू कोण आंधळं आहे."

फाटकाशी वॉचमन, दोन टेम्पोवाले आणि चहावाला जमले. मास्टरांनी नमुना आणि कापड दोन्ही उंच धरले, जादूगार पत्ता दाखवतो तसे. भर ऊन होतं. एक बदामी होता. दुसऱ्याच्या बदामीवर कोणी लाजल्यासारखी गुलाबी झाक होती.

टेम्पोवाला म्हणाला, "काका, दोनो अलग है."

मास्टर हात वर धरूनच उभे राहिले. मग तरातरा जिना चढून लॅबमध्ये गेले. आम्ही दोघी मागे. खिडकीत धरले तर तेच दोन तुकडे पुन्हा एकसारखे! त्यांनी खिडकीची काच उघडली आणि अर्धे बाहेर वाकले. खाली शेजारच्या मिलनं दिवाळीनंतर नवी शेड घातली होती. तिचे पत्रे पोपटी होते, नवेकोरे, उन्हात लखलखणारे. त्यांचा हिरवा उजेड सरळ आमच्या खिडकीत येत होता. पोपटी उजेडात जे दोन रंग जुळले होते, ते साध्या उजेडात फुटले होते.

बाहेर वाकलेल्या अवस्थेतच मास्टर आपल्या अहिराणीत म्हणाले, "हे कोनी टाकं?"

"तीन महिने झाले, मास्टर," वंदना म्हणाली.

तीन महिने ते त्या खिडकीशी रोज उभे होते. कापडाकडे बघताना एकदाही त्यांनी खाली पाहिलं नव्हतं. आत वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी कधी न पाहिलेल्या रंगाचा झाला होता. त्यांनी वंदनाकडे पाहिलं, मग वहीतल्या तिच्या सहीकडे. बहुधा शनिवार त्यांना तेव्हा आठवला.

माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "ताई, ते ट्रेमधलं फाडा. आणि माझ्याबरोबर आत चला. लिहून घ्यायला कोणीतरी लागेल."

शेठ खुशीत होते, कुणाशी फोनवर बोलत होते. आम्हांला पाहून त्यांनी फोन ठेवला. "बेसो मास्टर. तमे टेन्शन ना लो. छोकरीने जवा दो, बीजी मळशे. तमारुं नाम क्यांय नथी."

खरंच, पोरीच्या जागी दुसरी मिळाली असती आणि मास्टरांचं नाव कुठेच नव्हतं. खुर्चीत बसून चहा घेतला असता तरी पुरे होतं.

मास्टर बसले नाहीत. आणि ज्या माणसाला मी कधी साध्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, तो इतक्या हळू बोलला की शेठना पुढे वाकावं लागलं.

"चूक मनी शे."

"शुं?"

"चूक माझी आहे, शेठ. पोरगी नाही म्हणत होती. मी दटावून सही घेतली."

"ठीक छे, ठीक छे. पण सही तो..."

"सही तिची, डोळा माझा. डोळा चुकला."

शेठनी समजुतीनं घेतलं. म्हणाले, ही गोष्ट बाहेर गेली तर बाजारात कोणी बोरसे मास्टरचा रंग घेणार नाही. मास्टर म्हणाले, खरं आहे. शेठ म्हणाले, मग मला तुम्हांलाच काढावं लागेल, आणि रिटायरला तुम्हांला पाच वर्षं आहेत. मास्टर म्हणाले, काढा. शेठचा आवाज चढत गेला, टेबलावर हात पडायला लागले, शिपाई दारात येऊन डोकावला. मास्टरांचा आवाज जिथे होता तिथेच राहिला. "काढा. पण आधी वहीत तिच्या सहीखाली माझं नाव लिहा. मी इथून हलणार नाही. चूक मनी शे." हे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांचे हात खाली सरळ सोडलेले होते. बोटांना तो बदामी रंग होता.

मी शॉर्टहँडमध्ये सगळं उतरवून घेतलं. शेवटी शेठच दमले. "सुनंदाबेन, लखो," ते म्हणाले, आणि मी वहीत लिहिलं.

शनिवारी वंदनाचा हिशेब झाला नाही. मास्टरांचंही नाव कटलं नाही, कारण सबंध पांडेसऱ्यात तसा दुसरा माणूस मिळाला नसता, हे शेठना पक्कं माहीत होतं. पण त्यांची मास्टरकी गेली. पुढे रंग पास करणं लॅबकडे आलं. मास्टरांनी रंग बनवायचा आणि वंदनाला दाखवायचा. खिडकीसमोर लोखंडी कपाट उभं केलं. बाजारात चार लोक हसले. मास्टरांच्या घरीही कळलं, आणि डिंडोलीतल्या त्यांच्या व्याह्यांनी एका बारशात मुद्दाम विचारलं, "काय सुकलालभाऊ, उजेड कसा आहे?"

दक्षिणेच्या कंपनीला मी माफीचं पत्र लिहायला घेतलं तेव्हा ते समोर येऊन बसले. मग विचारलं, "ताई, तो शब्द न बोलता वापरला, तर मोजतात का?"

"मोजतात."

"मग पुढच्या वर्षीचाही गेला," म्हणाले आणि उसासा टाकून खाली गेले.

इरा, तुझ्या वहीत काय अर्थ लिहायचा तो आता तूच लिही. फक्त वरच्या चार शब्दांपैकी एकही लिहू नकोस म्हणजे झालं.

मी नोकरी सोडली त्या दिवशी पेढे द्यायला लॅबमध्ये गेले. दाराला काच आहे, तिथूनच थांबून पाहिलं. मास्टर स्टुलावर बसले होते, नाकावर नवा चष्मा. त्यांनी एक तुकडा बॉक्समध्ये सरकवला. वंदनानं पाहिलं. "नाही, मास्टर." ते अहिराणीत काहीतरी पुटपुटत उठले, पातेल्यात थेंबभर काही घातलं आणि दुसरा तुकडा घेऊन आले. "नाही." तिसऱ्याला ती बराच वेळ वाकून राहिली. मास्टर तिच्या खांद्यावरून बघायला गेले, तर तिनं कोपरानं त्यांना मागे सारलं.

"बसला," ती म्हणाली, सही केली आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

आता वहीत दोन सह्या लागतात. मास्टरांनी पेन घट्ट धरलं, जीभ दातांत पकडली आणि आपलं नाव लिहायला घेतलं. पूर्ण, वडलांच्या नावासकट, एकेक अक्षर कोरून. 'सुकलाल दगा' लिहून होईतो रकाना संपला. ते न थांबता पुढे लिहीत गेले.

"मास्टर," वंदना म्हणाली, "तुमच्या रकान्यात राहा."